जुना हातमाग घेताना : मोठा फ्रेम माग की छोटा सॅम्पल लूम?

आधी खोली मोजा, मग माग बघायला जा. दोरी ओढून धोटा (आडवा धागा इकडून तिकडे नेणारं लाकूड) पळवायचा फ्रेम माग ४८ इंची कापडाचा म्हणून विकला जातो, पण दोन्ही बाजूंच्या धोट्याच्या पेट्या धरल्या की जागा साडेसात-आठ फूट अडते. पुढे बसायला आणि मागे ताणा (मागावर ताणलेले उभे धागे) बघायला वाट हवी ती वेगळीच. २४ ते ३६ इंची, चार वह्यांचा (वही म्हणजे उभे धागे वर-खाली करणारी चौकट) सॅम्पल लूम मात्र खिडकीजवळच्या कोपऱ्यात बसतो.

जुन्या फ्रेम मागाची जमेची बाजू म्हणजे त्याचं वजन. सतरंजी किंवा जाड चादर विणताना फणीचा (आडवा धागा ठोकून बसवणारा धातूच्या पात्यांचा कंगवा) ठोका जोरात बसावा लागतो आणि त्या ठोक्याला हा माग हलत नाही. सॅम्पल लूम तिथे पुढे सरकतो. पायांखाली रबर घातलं किंवा भिंतीला टेका दिला तर टॉवेल, पंचा, स्टोल, आसन छान होतं; सतरंजीचा हट्ट त्याच्याकडे धरू नये. उलट नवीन नक्षी करून बघायची तर मोठ्या मागावर दर वेळी शेकडो धागे ओवायचे कष्ट घरात एकट्याला झेपत नाहीत. घरासाठी पहिलाच माग असेल तर आमचं मत ३० ते ३६ इंची छोट्याकडे झुकतं. साडी, चादर किंवा विक्रीचं काम ठरलेलं असेल तरच मोठा घ्या.

आकड्यात बघू. २/२० सुती दोऱ्याला (२० नंबरच्या दोन धाग्यांचा पीळ) साध्या विणीत इंचाला २४ धागे चालतात. २० इंच रुंदीला ४८० धागे. ताणा १० मीटर लांब धरला तर ४,८०० मीटर, म्हणजे साधारण २८५ ग्रॅम सूत. हेच ४८ इंचाला ११५२ धागे होतात आणि चार वह्यांवर प्रत्येकी २८८ तारा (धागा ओवायला मधे डोळा असलेल्या) लागतात. जुन्या मागाबरोबर तेवढ्या तारा मिळतायत का, हे मोजूनच घ्यावं.

माण-खटावकडचा घोंगडीचा खड्डा माग हा तिसरा पर्याय. जमिनीतल्या ओलाव्याने ताणा लवचिक राहतो, हा त्याचा मोठा गुण. पण सांगलीत कृष्णेकाठच्या घरात खड्डा खणू नका. २०१९ आणि २०२१ चा पूर बाजूला ठेवला तरी पावसाळ्यात तिथे पाणी पाझरतं.

माग कुठलाही असो, लाकडाच्या चकाकीपेक्षा फिरणारे भाग तपासा. ताण्याचा बीम (उभे धागे गुंडाळलेला रूळ) आणि कापड गुंडाळायचा रूळ फिरवून बघा, शेजारी दोरी ताणून धरा. मधे बाक असेल तर ताणा एकीकडे सैल आणि दुसरीकडे घट्ट होणार, आणि हा दोष दुरुस्त होत नाही. दातेरी चाकाचे दात झिजले असतील तर खटका (चाक अडवून धरणारी पट्टी) ठोक्यागणिक निसटतो, पण चाक बदलता येतं. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. पाव इंचापेक्षा जास्त फरक असला तर खुंट्या सैल झाल्यात, ठोकून बघा. लाकडाखाली मैद्यासारखा भुसा दिसला तर कीड जिवंत आहे. असा माग फुकट दिला तरी घरात आणू नये.

फणीवरून पांढरा सुती बोळा फिरवा. तांबूस-तपकिरी डाग उठला की गंज आहे, तो थेट कापडावर येणार. जावळी-पाटणकडे पावसाळ्यात हे हमखास होतं. आटपाडी-जतकडच्या कोरड्या हवेत उलटं, लाकूड आकसतं आणि सूत तुटतं. तिथे खोलीत ओलं पोतं टांगलं तरी फरक पडतो.

चार वह्या दोऱ्या-कप्प्यांवर (कप्पी म्हणजे पुली) लोंबत असतील, म्हणजे एक खाली गेली की दुसरी वर, तर साधी आणि दोन-दोनची वीण सुरेख उघडते. एक वर आणि तीन खाली अशी नक्षी केली की धोट्याची वाट तिरकी होते आणि धोटा मधेच धाग्यात शिरतो. तशाच नक्ष्या जास्त करणार असाल तर प्रत्येक वही स्वतंत्र उचलणारा सॅम्पल लूम बघा.

फणी विटा किंवा इचलकरंजीकडे बनवून मिळण्यासारखी आहे. नंबर सांगताना घोटाळा होतो: स्टॉकपोर्ट पद्धतीत नंबर म्हणजे दोन इंचातली घरं, म्हणजे पात्यांमधल्या फटी. घरात दोन धागे घेतले की तोच आकडा इंचाला धागे होतो, म्हणून २४ धाग्यांसाठी २४ नंबर. यंत्रमागाचा जुना धोटा मात्र स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. तो जड असतो आणि हातमागाची धाव (धोटा ज्यावरून पळतो ती पट्टी) खरवडतो.

शक्य असेल तर ताणा चढवलेला माग बघा आणि वीतभर विणून घ्या. सोडवताना प्रत्येक जोडाला दोन्ही तुकड्यांवर एकच आकडा घाला, डावं-उजवं लिहा, पावड्यांच्या (पायाने दाबायच्या पट्ट्या) दोऱ्यांचे फोटो काढा. पाचर करवतीने कापू देऊ नका, उलट बाजूने ठोकून काढतात. लाकूड छोट्या हत्तीत जाईल. फणी तेवढी कापडात गुंडाळून ड्रायव्हरशेजारी उभी धरा, तिच्यावर बीम घरंगळला की पाती वाकतात.