सेकंडहँड टर्बो पेट्रोल: आठ महिने, अकरा हजार किलोमीटर आणि टर्बोवर येणारा फुकटचा आळ

एक लिटरचं तीन सिलिंडरचं डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं) टर्बो पेट्रोल इंजिन, सहा गिअरची मॅन्युअल. घेताना गाडी सहा वर्षांची होती आणि रनिंग ६२ हजार. आता काटा ७३ हजारावर आहे. एवढ्या काळात टर्बोला, म्हणजे इंजिनमध्ये जादा हवा दाबून भरणाऱ्या पंख्याला, पाना लागलेला नाही. बदललं ते असं: पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनमधली वाफ इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत यायच्या वाटेत, परत सोडणारा), एक इग्निशन कॉइल, थर्मोस्टॅटचं हाउसिंग आणि इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या भागाच्या) होजमधली एक ओ-रिंग. सगळं मिळून एका पिशवीत मावेल एवढं प्लास्टिक आणि रबर. गाडीचं नाव देत नाही, कारण या वर्गातल्या बहुतेक गाड्यांची दुखणी सारखीच असतात, फक्त क्रम मागेपुढे होतो.

सुरुवात ऑइलपासून, कारण अशा गाडीत रनिंगच्या आकड्यापेक्षा ऑइलच्या नोंदी जास्त बोलतात. दर दहा हजाराला ऑइल बदललेली ९० हजारांची गाडी ही ५० हजार रनिंग असलेल्या, पण जेमतेम दोनदा ऑइल पाहिलेल्या गाडीपेक्षा कधीही बरी. टर्बोचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे मारतो आणि तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. तेच ऑइल तिथली उष्णताही वाहून नेतं. ऑइल जुनं झालं की गरम जागी करपतं, त्याची काजळी टर्बोला ऑइल पुरवणाऱ्या बारीक पाइपात धरते आणि बेअरिंग उपाशी राहतं. म्हणजे ‘टर्बो गेला’ म्हणून जे बिल येतं, त्याचं मूळ बहुतेक वेळा चुकलेल्या सर्व्हिसिंगमध्ये सापडतं.

मॅन्युअलमध्ये १५ हजार किंवा त्याहून मोठा अवधी लिहिलेला असला तरी ८ ते १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते धरावं. गाडी रोज पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्या मारत असेल तर त्याच्याही आधी. इंजिन पुरतं तापत नाही तोवर थोडं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये हा प्रकार जास्त. डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी चढलेलं दिसलं आणि वास घेतल्यावर पेट्रोल जाणवलं, तर खूश होऊ नका. ते पातळ झालेलं ऑइल आहे, लगेच बदला.

या इंजिनांत साधारण साडेतीन ते साडेचार लिटर ऑइल बसतं. ग्रेड मॅन्युअलमध्ये असेल तीच घ्यावी, ५डब्ल्यू-३० असो की ०डब्ल्यू-२०. पण डब्यावर ऑइलचा दर्जा म्हणून एपीआय एसपी लिहिलंय का ते बघाच. हा दर्जा २०२० मध्ये आला. त्याआधी २०१८ मध्ये एसएन प्लस आला होता. दोन्हींमागे एक मोठं कारण होतं ते म्हणजे छोट्या टर्बो इंजिनांतलं अवेळी पेटणं, ज्याला एलएसपीआय म्हणतात. वरच्या गिअरमध्ये १५०० आरपीएमला ॲक्सिलरेटर खोल दाबला की सिलिंडरमध्ये दाब प्रचंड असतो आणि पिस्टनचा वेग कमी. अशा वेळी ऑइल-पेट्रोलचा एखादा थेंब स्पार्कच्या आधीच पेट घेतो. आवाज येतो तो लोखंडावर हातोडी बसल्यासारखा, एकदाच ‘ठक्’. असे काही ठोके पिस्टनच्या रिंगांमधली कड तोडायला पुरतात. कॅल्शियम जास्त असलेल्या ऑइलमुळे हा धोका वाढतो, म्हणून नव्या ऑइलचं रसायन बदललं. बाकी अर्धं काम चालवणाऱ्याचं: चढावर सहाव्या गिअरमध्ये रेटत न राहता एक-दोन गिअर खाली येणं. टर्बोला टॉर्क आहे म्हणून गिअर बदलायचा कंटाळा करणाऱ्यांनी हे जरा मनावर घ्यावं.

लेव्हल बघायची रीत: गाडी सपाट जागी, इंजिन गरम करून बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी. किमान आणि कमाल खुणांमध्ये बहुतेक ठिकाणी लिटरभराच्या आसपास फरक असतो. कमाल खुणेच्या वर भरू नका. फेस झालेलं ऑइल पीसीव्हीतून इनटेकमध्ये ओढलं जातं. ऑइल खाण्याबद्दल अनेक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं. तो कंपनीने स्वतःसाठी राखलेला बचाव आहे. पाच हजाराला अर्धा-पाऊण लिटर लागला तर चिंता नाही. हजाराला अर्धा लागत असेल तर कारण शोधा, आणि शोध पीसीव्हीपासून सुरू करा.

पीसीव्ही म्हणजे क्रँककेसमधली (इंजिनच्या खालच्या पोटातली) वाफ इनटेकमध्ये परत सोडणारा व्हॉल्व्ह. आत रबराचा पातळ पडदा असतो. उष्णतेने तो कडक होतो आणि चिरतो. या गाडीत ६५ हजाराला तेच झालं. लक्षणं अशी: आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) बारीक शिट्टी, इंजिन किंचित हिंदकळणारं, आणि दोन आठवड्यांनी चेक इंजिनचा दिवा, स्कॅनरवर बिघाडाचा कोड पी०१७१, म्हणजे मिश्रणात हवा जास्त. तपासणी फुकटात होते. इंजिन आयडलला असताना डिपस्टिक थोडी वर ओढा. शिट्टी थांबली किंवा सूर बदलला तर पडदा फाटलाय. ऑइल भरायचं झाकण उघडताना ते आतून कोणी धरून ठेवल्यासारखं घट्ट लागलं तरी तोच अर्थ. झाकण काढल्यावर आयडल थोडं बिघडणं मात्र बऱ्याच इंजिनांत नेहमीचं आहे, त्यावरून निदान करू नका. काही इंजिनांत हा पडदा व्हॉल्व्ह कव्हरमध्येच बसवलेला असतो, तिथे अख्खं कव्हर बदलावं लागतं.

आता ‘पिकअप गेला’ या तक्रारीकडे. दिवा लागतो, गाडी लिंप मोडमध्ये जाते (इंजिन स्वतःहून ताकद कमी करतं), स्कॅनर पी०२९९ दाखवतो, म्हणजे बूस्ट, टर्बोने दिलेला हवेचा दाब, कमी. इथे पुष्कळ मिस्त्री थेट टर्बोवर बोट ठेवतात. कोड फक्त दाब कमी पडला एवढंच सांगतो, कुठे पडला ते नाही. थंड इंजिनवर खालचं कव्हर काढा आणि टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून थ्रॉटलपर्यंतची प्रत्येक होज दोन्ही टोकांना चाचपून बघा. होजच्या आत ऑइलचा पातळ ओलावा असतोच. पण जोडाच्या बाहेर ओली धूळ चिकटलेली दिसली तर गळती तिथेच. क्लिपवाल्या जोडांत ओ-रिंग चपटी होते, होज हाताला पक्की लागते आणि दाब आला की ‘फुस्स’ करते. या गाडीचं दुखणं नेमकं हेच होतं. हाताने कळलं नाही तर स्मोक टेस्ट (पाइपांत धूर सोडून गळती शोधणं) करून घ्या. त्यानंतर डायव्हर्टर व्हॉल्व्ह (पाय काढल्यावर जादा दाब सोडणारा), मग वेस्टगेटचा (टर्बोला बगल देऊन एक्झॉस्ट सोडणाऱ्या झडपेचा) ॲक्च्युएटर, आणि हे सगळं ठीक निघालं तरच टर्बो उघडा. उघडल्यावर कॉम्प्रेसरचं चाक बोटाने हलवून बघा. बाजूला किंचित हलणं ठीक, कारण बंद असताना ऑइलचा थर नसतो. दांड्याच्या दिशेने मागेपुढे खेळ जाणवला किंवा पाती घराला घासल्याच्या खुणा दिसल्या, तर मात्र टर्बो संपला.

वेस्टगेटची खडखड हे वेगळं प्रकरण. १५०० ते २००० आरपीएमला हलका ॲक्सिलरेटर असताना किंवा पाय काढल्यावर पत्र्याचा डबा हलवल्यासारखा आवाज येतो. पिन झिजलेली असते. पिकअप चांगला असेल आणि कोड नसेल तर ही खडखड बराच काळ निभावते.

इग्निशनमध्ये एक गोष्ट साध्या पेट्रोल गाडीपेक्षा वेगळी. बूस्टमध्ये दाब जास्त असल्याने ठिणगीला उडी मारणं अवघड जातं, म्हणून प्लगचा गॅप लहान, बहुधा ०.७ ते ०.८ मिलिमीटर. प्लग झिजून गॅप वाढला की सपाट रस्त्यावर काहीच कळत नाही, चढावर पूर्ण ॲक्सिलरेटरला गाडी झटके देते. ४० ते ६० हजाराला प्लग बदलावेत. कॉइलचा संशय असेल तर सोपी अदलाबदल करा: कोड पी०३०२ असेल तर दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल खराब, तिथेच राहिला तर प्लग किंवा इंजेक्टर बघा. दिवा लुकलुकत असताना गाडी रेटू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात) जाऊन तिथे पेटतं.

डायरेक्ट इंजेक्शनमध्ये इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोलचा फवारा जात नाही, त्यामुळे तिथे काजळी साचते. सकाळी पहिल्या मिनिटात मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) आणि मग सगळं सुरळीत, असं होऊ लागलं की अक्रोडाच्या टरफलांच्या भुग्याने साफ करून घ्यावी. टाकीत ओतायच्या औषधाचा इथे उपयोग नाही, कारण ते औषध व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही.

कूलंटची टाकी महिन्यातून एकदा, थंड इंजिनवर बघा. वर्षाला थोडं कमी होणं समजू शकतो, महिन्याला बोटभर कमी होत असेल तर गळती आहे. थर्मोस्टॅटचं हाउसिंग आणि पाण्याचा पंप हे प्लास्टिकचे भाग जोडाशी पाझरतात. थेंब पडायच्या आधीच गरम इंजिनवर कूलंट वाळून गुलाबी किंवा पांढरी खपली दिसते, टॉर्च मारून शोधावी लागते. साधं पाणी भरत राहू नका, त्याच प्रकारचं कूलंट भरा. गाडी बंद केल्यावर पंखा किंवा छोटा विजेचा पंप मिनिटभर चालू राहिला तर तो बिघाड नाही, टर्बो थंड होतोय.

टायमिंग बेल्ट की चेन, हे गाडी घ्यायच्या आधी कळलंच पाहिजे. फोर्डच्या एक लिटर इकोबूस्टच्या सुरुवातीच्या पिढीत आणि प्यूजो-सिट्रोएनच्या सुरुवातीच्या १.२ प्यूअरटेकमध्ये बेल्ट ऑइलमध्ये बुडालेला असतो. चुकीचं किंवा पेट्रोल मिसळलेलं ऑइल त्या बेल्टला फुगवतं, त्याचे तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात आणि ऑइल प्रेशरचा दिवा लागतो. प्यूअरटेकमध्ये ऑइल भरायच्या तोंडातून गेज घालून बेल्टची रुंदी मोजता येते, ती मोजल्याशिवाय व्यवहार करू नये. फोक्सवॅगनच्या जुन्या ईए१११ मालिकेतल्या १.४ टीएसआयला चेन आणि तिचा टेन्शनर त्रास द्यायचा. २०१२ पासून आलेल्या ईए२११ मध्ये कोरडा बेल्ट आहे. चेनवाल्या गाडीत सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखड ऐकू आली किंवा पी००१६ कोड निघाला, तर ‘थंडीमुळे आवाज येतो’ हे ऐकून घेऊ नका.

म्हणूनच गाडी बघायला जाताना इंजिन थंड हवं. बॉनेटला हात लावून बघा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या. साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले कोड वाचणारा) जवळ ठेवा आणि कोडच्या आधी रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते, बघा. बरेचसे ‘अपूर्ण’ दिसले तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढलीय. लाँग टर्म फ्युएल ट्रिम (गाडीचा संगणक पेट्रोलच्या मात्रेत करत असलेली दुरुस्ती) पाच टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, +१० च्या पुढे असेल तर कुठूनतरी हवा आत शिरतेय. झाकणाखाली पांढरट साय दिसली की लगेच हेड गास्केट म्हणू नका, छोट्या फेऱ्यांनीही ती जमते. कूलंट कमी होत असेल तर मात्र दोन्ही गोष्टी जोडून बघा. ड्युअल क्लच (दोन क्लचचा) ऑटोमॅटिक असेल तर रांगत्या रहदारीत आणि रिव्हर्समध्ये चढावर चालवून बघा. कोरड्या क्लचची थरथर तिथेच उघडी पडते, मोकळ्या रस्त्यावर ती कधी दिसत नाही.

ॲव्हरेजबद्दल थोडक्यात: छोटं इंजिन म्हणून कमी पेट्रोल, हा समज अर्धाच खरा. बूस्टच्या बाहेर चालवली तर गाडी खरोखर काटकसरी आहे. उजवा पाय जड असेल तर मोठ्या इंजिनाएवढंच पिते.

सध्या शिल्लक काम एकच. आयडलला एसी चालू केला की स्टिअरिंगमध्ये थरथर येते, गिअरमध्ये टाकून गाडी हलली की जाते. तीन सिलिंडरची थोडी थरथर जन्मजात असते, पण ही गेल्या दोन महिन्यांत वाढलीय. खालच्या इंजिन माउंटच्या रबराला भेग दिसतेय. पुढच्या ऑइलबरोबर तो बदलायचा आहे.