दगडमातीचा लोंढा अडवताना : पोलादी जाळी की काँक्रीटचा बंधारा?

डोंगरातल्या घळीतून उतरणाऱ्या दगडमातीच्या लोंढ्याची घनता पाण्याच्या दीडपटीपासून दुपटीपर्यंत असते, त्याच्या तोंडाशी मोठमोठे धोंडे गोळा झालेले असतात आणि उभ्या उतारावर तो सेकंदाला दहा मीटरचा वेगही गाठू शकतो. अशा घळीच्या खाली वस्ती, रस्ता किंवा रेल्वेमार्ग असेल आणि तो हलवता येण्यासारखा नसेल, तर लोंढा वरच अडवण्यासाठी मुख्यतः दोन पर्याय पुढे येतात : पोलादी कड्यांची लवचिक जाळी किंवा काँक्रीटचा बंधारा. निवड करणाऱ्यांसमोर बहुधा मजबुती आणि खर्च यांचेच आकडे ठेवले जातात. माझ्या मते त्याआधी विचारायला हवा तो प्रश्न असा, की अडथळा भरल्यावर तो उपसणार कोण आणि तिथवर यंत्र पोहोचणार कसे?

आधी दोन्हींच्या कामाची रीत पाहू. ताठ बंधारा धडक जागच्या जागी झेलतो. त्यामुळे क्षणिक बल फार मोठे येते आणि ते पेलण्यासाठी जाड भिंत व खोल पाया लागतो. जाळी मात्र धडकेसरशी पुढे फुगते, तिच्या आधारदोरांवरील ब्रेक ताणले जाऊन ऊर्जा शोषून घेतात, आणि लोंढा थांबायला अधिक वेळ मिळाल्याने बलाचा कमाल आकडा खाली येतो. त्याच वेळी कड्यांमधून पाणी निथळते आणि मागे राहिलेला गाळ लवकर घट्ट होतो. जाळी एकदम भरत नाही. पहिला थर तळाशी थांबतो, त्यावर दुसरा चढतो आणि अशा थराथराने ती भरते. म्हणून कोणत्याही एका क्षणी धडकेचा भार फक्त वाहत्या थराच्या उंचीवर येतो आणि खालच्या थरांचा भार साचलेल्या मालाच्या दाबाइतकाच उरतो.

वेगाचा अंदाज चुकला तर दोन्ही पर्याय फसतात, हे मात्र लक्षात ठेवावे. घनमीटरला 2000 किलो घनतेचा लोंढा सेकंदाला 5 मीटर वेगाने आला, तर घनता गुणिले वेगाचा वर्ग या मूळ हिशेबाने दर चौरस मीटरवर सुमारे पाच टनांचा भार येतो. वेग 10 मीटर झाला की तोच वीस टन होतो. प्रत्यक्ष आराखड्यात या आकड्याला लोंढ्याच्या प्रकारानुसार गुणांक लावतात, आणि पातळ चिखलापेक्षा धोंडे भरलेल्या लोंढ्यासाठी तो मोठा धरतात.

जाळीच्या बाजूने बोलणारा सर्वांत ठोस अनुभव स्वित्झर्लंडच्या व्हाले प्रांतातील इलग्राबेन घळीचा आहे. तिथे बहुतेक वर्षी एकाहून अधिक लोंढे येतात, म्हणून तेथील वन, हिम व भूदृश्य संशोधन संस्थेने पूर्ण आकाराच्या जाळीची चाचणी तिथेच घेतली. 2006 मध्ये एका लोंढ्याने जाळी भरली, मागे सुमारे हजार घनमीटर माल अडकला आणि उरलेला लोंढा वरून निघून गेला. म्हणजे जाळी टिकली, पण तिने सगळा लोंढा थांबवला असे झाले नाही. माहितीपत्रकांतील भरलेल्या जाळीची छायाचित्रे पाहताना हा फरक सहज नजरेआड होतो.

साठवण किती होईल, हे घळीच्या उतारावर ठरते. 15 मीटर रुंद घळीत 6 मीटर उंचीची जाळी लावली, तर भरल्यावर ती पुढे फुगून तिची उंची साधारण साडेचार मीटरवर येते. तळाचा उतार 30 टक्के असेल आणि मागे साचलेल्या मालाचा उतार त्याच्या दोन तृतीयांश धरला, तर साठवण सुमारे पंधराशे घनमीटर येते. उतार 45 टक्के असेल तर हजारच. अपेक्षित लोंढा दहा हजार घनमीटरचा असेल, तर एका जाळीचा विचार तिथेच संपतो. एकामागे एक अनेक जाळ्या लावता येतात, पण तेव्हा वरून वाहणारा लोंढा पेलण्यासाठी प्रत्येकीच्या वरच्या दोराला पोलादी कवच द्यावे लागते, नाहीतर धोंडे तो दोर घासून कापतात.

उभारणीत जाळी निर्विवाद पुढे आहे. दोन्ही काठांच्या खडकात भोके पाडून अँकर, म्हणजे दोर धरून ठेवणारे खिळे, बसवायचे, दोर ओढायचे आणि कड्यांचे पट जोडायचे, एवढे काम असल्याने रस्ता नसलेल्या घळीतही हेलिकॉप्टरने सामान नेऊन ते काही आठवड्यांत उरकते. बंधाऱ्याला रस्ता, खोदाई, साचे आणि शेकडो घनमीटर काँक्रीट लागते. त्यामुळे धोका अचानक वाढला असेल आणि काही वर्षांत ओसरणार असेल, तिथे मी जाळीच सुचवेन. कॅलिफोर्नियातील माँटेसिटो येथे वणव्यानंतर 9 जानेवारी 2018 रोजी आलेल्या लोंढ्यांत 23 जणांचे प्राण गेले आणि 2019 मध्ये वरच्या घळींत अशा जाळ्या बसवल्या गेल्या. वणव्याने उघडे पडलेले उतार पुन्हा झाडोऱ्याखाली येईपर्यंतचा काळ निभावण्यासाठी हा मार्ग रास्त होता.

देखभालीत पारडे फिरते. जाळीखाली ओढ्याच्या नेहमीच्या पाण्यासाठी फट ठेवतात. त्या फटीत ओंडके अडकले, तर लहानसहान पुरानेच जाळी अर्धी भरते आणि मोठ्या लोंढ्याच्या दिवशी जागाच उरत नाही. म्हणून दर पावसाळ्यापूर्वी आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर पाहणी हवी. भरलेली जाळी वरच्या बाजूने पोकलेन लावून उपसणे सुरक्षित. खालच्या बाजूने दोर सोडायची वेळ आली, तर अडकलेला माल कामगारांच्या अंगावर येऊ शकतो. नंतर ताणलेले ब्रेक आणि दुखावलेले दोर बदलावे लागतात. ज्या घळीत हेलिकॉप्टरशिवाय पोहोचता येत नाही, तिथे स्वस्तात उभारलेली जाळी दोन-तीनदा उपसल्यावर स्वस्त राहत नाही.

काँक्रीटचा बंद बंधारा भरला तरी निकामी होत नाही. मागचा तळ वर येऊन उतार सौम्य होतो, काठांची धूप कमी होते आणि हे काम दशकानुदशके चालू राहते. जपानमधील साबो, म्हणजे धूप व गाळ आवरणाऱ्या, बंधाऱ्यांची परंपरा या तत्त्वाचा मोठा वापर करते. साठवण टिकवायची असेल तर मधे फट ठेवलेला किंवा पोलादी नळ्यांचा उघडा बंधारा करतात, पण उपसण्याची जबाबदारी तिथेही येतेच. ओढ्यातील गाळाची आणि जलचरांची वाट बंद बंधारा तोडतो, हा त्याचा खरा दोष आहे.

दरवर्षी लोंढे येणाऱ्या घळीत, जिथे कायमचा रस्ता आणि उपशासाठी ठरलेली तरतूद आहे, तिथे मी उघडा बंधारा निवडेन. क्वचित लोंढा येणाऱ्या, अरुंद आणि भक्कम खडकाच्या घळीत जाळी. काठ सुट्या मातीचे असतील तर अँकरची ओढ-चाचणी जागेवर घेतल्याशिवाय जाळीचा निर्णय घेऊ नये, कारण फुगलेल्या जाळीचा सगळा ताण शेवटी त्या मोजक्या भोकांतच उतरतो.