बिलिंग एजन्सीने माझ्या परवान्यावर पाठवलेले खोटे क्लेम

टेक्ससमध्ये मी स्वमग्न मुलांसाठी वर्तनोपचाराचे छोटे केंद्र चालवते. आमच्या बिलिंग एजन्सीने माझ्या नावावर आणि माझ्या परवान्याच्या आधारे, मी कधीच न दिलेल्या उपचारांचे पैसे विमा कंपन्यांकडून वसूल केले. ओळखीतल्या काही मराठी मैत्रिणी सध्या असेच केंद्र सुरू करण्याच्या तयारीत आहेत, त्यामुळे हा प्रकार सविस्तर लिहीत आहे.

एजन्सीच्या व्यवस्थापकांची ओळख दिवाळीच्या एका कार्यक्रमात झाली. ते मराठी होते, अगत्याने बोलत होते. विमा कंपनीच्या नेटवर्कमध्ये नाव लागायला तीन-चार महिने सहज जातात आणि त्या काळात भाडे व पगार चालूच असतात, त्यामुळे 'सगळे आम्ही बघतो' म्हणणारा माणूस देवासारखा वाटतो. एनपीआय, म्हणजे उपचार देणाऱ्याचा राष्ट्रीय ओळख क्रमांक, सरकारकडून विनामूल्य मिळतो, तरी त्यासाठी त्यांनी शुल्क घेतले. पण ती रक्कम किरकोळ होती. खरी गोम करारात होती: त्यांचा मोबदला वसूल झालेल्या रकमेच्या टक्केवारीवर ठरला होता, म्हणजे बिल जितके फुगेल तितका त्यांचा वाटा वाढणार होता.

क्लेममध्ये प्रत्येक सेवेसाठी एक कोड लिहावा लागतो. आमच्या सेवांचे सध्याचे कोड २०१९ पासून लागू आहेत आणि त्यांचे युनिट १५ मिनिटांचे असते. प्रशिक्षित आरबीटी (नोंदणीकृत वर्तन तंत्रज्ञ) मुलासोबत काम करतो तेव्हा ९७१५३ लागतो. माझ्यासारखा परवानाधारक वर्तन विश्लेषक स्वतः हजर राहून उपचारपद्धतीत बदल करतो तेव्हा ९७१५५ लागतो आणि त्याचा दर साहजिकच जास्त असतो. टेक्सस मेडिकेडमध्ये (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यात) क्लेम पाठवायची मुदत ९५ दिवसांची आहे. त्या मुदतीचा धाक दाखवून, क्लेम आधी तुम्हाला दाखवत बसलो तर पैसे बुडतील, असे एजन्सी सांगत असे.

एका मुलाच्या आईला विमा कंपनीकडून उपचारांच्या खर्चाचा तपशील घरी आला, तेव्हा हे उघडकीस आले. त्या मंगळवारी तुम्ही केंद्रात नव्हता, मग तुमच्या नावाने एका तासाचे पैसे कसे लागले, असे त्यांनी मला विचारले. मी त्या दिवसाची नोंद काढली. सत्र ३.०५ ते ४.५५ असे ११० मिनिटांचे होते. सात युनिटांनंतर उरणारी पाच मिनिटे मोजली जात नाहीत, म्हणून ९७१५३ चे सात युनिट व्हायला हवे होते. क्लेममध्ये आठ होते आणि त्यावर ९७१५५ चे चार युनिट माझ्या नावाने जोडले होते. मागचे क्लेम काढत गेले तसा हाच प्रकार मुलामागून मुलाच्या खात्यात दिसत गेला. विमा कंपनीने सत्रांच्या नोंदी मागणारे पत्रही आधीच पाठवले होते, पण पत्रव्यवहाराचा पत्ता एजन्सीने स्वतःचा दिला असल्याने ते माझ्यापर्यंत पोहोचलेच नाही.

मला सर्वांत जास्त चीड आली ती मुलांच्या नुकसानीची. विमा कंपनी काही महिन्यांसाठी ठरावीक युनिट मंजूर करते. खोट्या बिलांनी ते युनिट संपवले, आणि बोलायला नुकत्याच लागलेल्या एका मुलाची सत्रे मध्येच थांबवावी लागली. पालकांनी न झालेल्या उपचारांसाठी स्वतःच्या खिशातला हिस्साही भरला होता.

कायदा एजन्सीकडे नंतर बघतो, आधी परवानाधारकाला धरतो. सरकारी योजनेतून जादा आलेली रक्कम लक्षात आल्यापासून ६० दिवसांत परत करावी लागते, आणि खोट्या दाव्यांच्या केंद्रीय कायद्यात तिप्पट भरपाईची तरतूद आहे. तपासाची धारही वाढली आहे: इंडियाना राज्याच्या मेडिकेडने २०१९ आणि २०२० मध्ये याच उपचारांवर किमान ५.६ कोटी डॉलर अयोग्यरीत्या दिल्याचा अहवाल केंद्रीय आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी डिसेंबर २०२४ मध्ये दिला. त्यामुळे आरोग्य कायद्याच्या वकिलांच्या सल्ल्याने मी स्वतःहून विमा कंपन्यांना कळवले आणि जादा रक्कम परत केली.

करार करण्यापूर्वी बिलिंगचा मोबदला प्रति क्लेम किंवा दरमहा ठरावीक ठेवा. मेडिकेडचे पैसे बिलिंग एजन्सीच्या हातून जाणार असतील तर टक्केवारीचा मोबदला केंद्रीय नियमांत बसतच नाही, हे मला नंतर वकिलांकडून कळले. क्लेम पाठवायच्या पोर्टलचा मुख्य लॉगिन, बँक खाते आणि पत्रव्यवहाराचा पत्ता तुमचाच असू द्या. एजन्सीला मर्यादित अधिकारांचा वेगळा लॉगिन देता येतो. दर आठवड्याला कोणत्याही दोन-तीन मुलांच्या सत्रनोंदी उघडून, सुरुवातीची आणि शेवटची वेळ पाठवलेल्या क्लेमशी ताडून पाहा. 'वेळ नाही' असे उत्तर एजन्सीकडून आले, तर तिथेच थांबा.

विमा कंपनीने खोटे युनिट रद्द करून त्या मुलाचे तास परत दिले, आणि पालकांचे पैसे मी केंद्राच्या खात्यातून फेडले. परत केलेल्या रकमेवर घेतलेला वाटा एजन्सीने मला अजून परत दिलेला नाही, आणि राज्याच्या अटर्नी जनरलकडे केलेली माझी तक्रार प्रलंबित आहे.