पुराच्या गणितात भूजल: एसडब्ल्यूएमएममधील जलधर विभागाचे परीक्षण

शहरातील पुराचे गणित मांडताना आपण पाऊस आणि पर्जन्यजल वाहिन्या यांचाच हिशेब करतो. परंतु जूनमध्ये जी सर जमिनीत सहज मुरते, तीच ऑगस्टमध्ये जमीन तुडुंब भरलेली असताना थेट रस्त्यावर येते. हा फरक पकडण्याची सोय ‘स्टॉर्म वॉटर मॅनेजमेंट मॉडेल’ (एसडब्ल्यूएमएम) या सॉफ्टवेअरच्या भूजल विभागात आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९७१ पासून विकसित केलेले हे सॉफ्टवेअर मोफत मिळते.

प्रत्येक उपपाणलोटाखाली (हिशेबासाठी पाडलेल्या शहराच्या छोट्या भागाखाली) येथे दोन थर धरलेले असतात, वरचा असंपृक्त म्हणजे पाण्याने पूर्ण न भरलेला आणि खालचा संपृक्त म्हणजे पूर्ण भरलेला. पाणी झिरपून भूजलपातळी चढते, ठरावीक उंचीच्या वर गेली की ते वाहिनीच्या जोडाकडे वाहू लागते, आणि वरच्या थरात जागाच उरली नाही की मुरणे थांबते. मांडणी साधी आहे, पण पावसाळाभराचे गणितही संगणक झटपट करतो.

सॉफ्टवेअरमध्ये जलधराची (भूजल साठवणाऱ्या थराची) माहिती भरण्याच्या खिडकीत आधीच भरलेले आकडे मात्र कृपया तसेच ठेवू नयेत. तेथे सच्छिद्रता (जमिनीतील एकूण पोकळीचे प्रमाण) ०.५ आणि क्षेत्रधारणा (निथळल्यावरही जमिनीत धरून राहणाऱ्या पाण्याचे प्रमाण) ०.३ असते, म्हणजे निथळलेल्या जमिनीत पाण्यासाठी २० टक्के मोकळी जागा. आपल्या झिजलेल्या बसाल्टमध्ये निथळू शकणाऱ्या पाण्याचे हे प्रमाण भूजल मूल्यांकनात साधारण २ टक्केच धरतात. त्यामुळे २० मिलिमीटर पाणी खाली उतरले, तर पहिल्या हिशेबाने पातळी १० सेंटिमीटर चढते आणि दुसऱ्या हिशेबाने तब्बल १ मीटर! तळघरात पाणी शिरेल की नाही, हे या दोन नोंदींवर ठरते. पुणे किंवा मुंबईसारख्या शहराचा आराखडा करणाऱ्याने येथे घाई केली, तर खरा धोका नकाशावर उमटणारच नाही.

मोठी उणीव अशी, की एका उपपाणलोटातील भूजल जमिनीखालून शेजारच्या उपपाणलोटात जात नाही. बोगदा किंवा तळघरांतील सततचा उपसा यांचा आसपासच्या पातळीवर होणारा परिणाम तपासायचा असेल, तर अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या ‘मॉडफ्लो’ या त्रिमितीय भूजल सॉफ्टवेअरची जोड द्यावी लागते आणि काम बरेच वाढते. वाहिनीकडे जाणाऱ्या प्रवाहाचे गुणांकही निरीक्षण विहिरींच्या नोंदींशी ताडूनच बसवावे लागतात. अशा नोंदी हाताशी असलेल्या महापालिकेच्या अभियंत्यांनी हा विभाग जरूर वापरावा. नोंदी नसतील, तर आधी विहिरींची पातळी पावसाळाभर मोजायला घ्यावी.