उपजिल्हा रुग्णालय, तपासणीनंतर खरंच फरक पडलाय

दोन वर्षांपूर्वी आईला इथंच अ‍ॅडमिट केलं होतं, तेव्हा बाथरूमला कडी नव्हती, पाणी खालून बादलीनं आणायचो, लय हाल झाले. मागच्या महिन्यात बहिणीची डिलिव्हरी इथं झाली आणि विश्वासच बसेना. मधे एनक्यूएएसची, म्हणजे सरकारी दवाखान्यांच्या दर्जाच्या राष्ट्रीय मानकांची तपासणी झाली, त्यात सर्टिफिकेटला किमान 70 टक्के मार्क लागतात आणि ते नुसत्या रंगरंगोटीवर मिळत नाहीत, रजिस्टर बघतात, स्टाफला विचारतात, पेशंटशी पण बोलतात. आता लेबर रूममधे पडदे आहेत, आईला बहिणीजवळ थांबू दिलं, सिस्टर दर वेळी हात धुऊनच तपासायच्या. वापरलेल्या सुया पांढऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, मी स्वतः बघितलं. सफाईच्या मावशी दाराच्या तक्त्यावर वेळ टाकून सही करतात. केसपेपरला पैसे नाहीत, आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफतच आहेत.

फक्त सोनोग्राफीला अजून तारीखच मिळते, आम्हाला आठ दिवसांनंतरची दिली, शेवटी बाहेर पैसे भरून केली. इथं रोजचा रेडिओलॉजिस्ट द्या ओ, बाकी स्टाफ खरंच जीव तोडून काम करतोय.