मेशच्या नावाखाली घरात बसवलेले दोन रिपीटर

घरात मेश वाय-फाय (एकत्र मिळून सगळ्या घराला एकच नेटवर्क देणारी यंत्रे) बसवून देतो असे सांगून साधे रिपीटर (आलेला सिग्नल फक्त पुढे पाठवणारी यंत्रे) बसवायचे, भिंतीतून हलक्या प्रतीची केबल ओढायची आणि वर वार्षिक परवान्याच्या नावाने दरवर्षी पैसे मागायचे, असा एक प्रकार आमच्या बाबतीत नाशिकमध्ये घडला. ही रीत एकाच दुकानापुरती असेल असे मला वाटत नाही, कारण तिच्यात विशेष हुशारी लागत नाही. ग्राहकाला वाय-फायचे फक्त नाव आणि पासवर्ड दिसतो, आतली जोडणी दिसत नाही, एवढ्या एका गोष्टीवर ती चालते. म्हणून ती आतली जोडणी कशी तपासावी, हे आमच्या अनुभवाच्या आधारे सविस्तर लिहीत आहे.

आमचे घर तळमजला, पहिला मजला आणि गच्चीवरची एक खोली असे रो-हाउस आहे. फायबरच्या इंटरनेटची जोडणी ३०० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) वेगाची असून तिचे यंत्र तळमजल्यावरच्या हॉलमध्ये आहे. मधल्या स्लॅबमुळे आणि नऊ इंची भिंतींमुळे वर सिग्नल पोहोचत नव्हता. संगणकाच्या साहित्याचे दुकान चालवणाऱ्या एका गृहस्थांनी घर पाहून तीन नगांची मेश यंत्रणा सुचवली. यंत्रांचे १६,५०० आणि केबल, जॅक (केबल लावायचे भिंतीवरचे सॉकेट) व मजुरीचे ६,००० असे एकूण २२,५०० रुपये ठरले. तीनपैकी हॉलमधले यंत्र मुख्य राहील, पहिल्या मजल्यावरच्या यंत्राला भिंतीतल्या कन्सील्ड पाइपातून केबल जाईल आणि गच्चीवरच्या खोलीतले यंत्र बिनतारी जोडले जाईल, ही आखणी कागदावर अगदी योग्य होती. त्यांनी दिलेल्या अंदाजपत्रकात मात्र "मेश सिस्टिम, ३ नग" एवढेच लिहिले होते. कंपनी, मॉडेल क्रमांक किंवा अनुक्रमांक यांपैकी काहीही नव्हते. काम झाल्यावर मिळालेल्या कागदावर जीएसटी क्रमांकही नव्हता आणि "नेटवर्किंग साहित्य" या दोन शब्दांत सगळा व्यवहार संपवला होता.

काम पूर्ण झाल्याचे दाखवण्याची त्यांची पद्धत नमुनेदार होती. हॉलमध्ये मुख्य यंत्राच्या शेजारी उभे राहून माझ्याच मोबाइलवर त्यांनी वेग मोजून दाखवला आणि तो २८० च्या घरात आला. गच्चीवरच्या खोलीतला वेग त्यांनी स्वतःच्या मोबाइलवर मोजला, १४० चा आकडा दाखवला आणि कामाचा पुरावा म्हणून त्या पडद्याचे चित्र मला व्हॉट्सअॅपवर पाठवले. हे चित्र पुढे फार उपयोगी पडले. वेग मोजणाऱ्या बहुतेक अॅपमध्ये ज्या कंपनीच्या जोडणीवरून चाचणी झाली तिचे नाव आकड्यांच्या खाली येते. त्या चित्रात आमच्या फायबर कंपनीऐवजी एका मोबाइल कंपनीचे नाव होते आणि वरच्या पट्टीत वाय-फायच्या खुणेच्या जागी ५जी असे लिहिलेले होते. म्हणजे गच्चीवरचा तो वेग आमच्या वाय-फायचा नव्हताच. तो त्यांच्या सिमकार्डाचा होता.

त्रास लगेच सुरू झाला. व्हिडिओ कॉल चालू असताना जिना चढले की कॉल तुटत असे. पहिल्या मजल्यावरच्या प्रिंटरला हॉलमधल्या लॅपटॉपवरून छपाईचा आदेश जात नसे. गच्चीवरच्या खोलीत वेग १० ते १५ च्या वर जात नसे आणि संध्याकाळी तर तोही मिळत नसे. दुकानदारांना बोलावले की ते येत, मोबाइलवरच्या अॅपमध्ये काहीतरी करत, यंत्रे बंद करून चालू करत आणि भेटीचे ५०० रुपये घेऊन जात. कधी शेजाऱ्यांच्या वाय-फायची गर्दी, कधी फर्मवेअर (यंत्रातले सॉफ्टवेअर), कधी आमच्या मोबाइलचे जुनेपण असे कारण मिळे. यातले गर्दीचे कारण अर्धे खरे असते, आणि म्हणूनच ते पटते: वाय-फायच्या लहरींच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल (उपमार्ग) १, ६ आणि ११ असे तीनच मिळतात, त्यामुळे दाट वस्तीत तो पट्टा खरोखरच तुंबतो. पण ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चॅनेल पुष्कळ असतात आणि दोन्ही पट्टे असलेली यंत्रणा घेतल्यावर हे कारण इतक्या वेळा ऐकावे लागू नये.

खरा उलगडा झाला तो नेटवर्किंगचे काम करणाऱ्या एका नातेवाइकामुळे. त्याने मोबाइलवर वाय-फायचे विश्लेषण करणारे एक मोफत अॅप घेतले आणि आमच्या नावाखाली नेमकी किती केंद्रे (वाय-फाय देणारी यंत्रे) प्रसारण करीत आहेत, हे पाहिले. हॉलमधले यंत्र २.४ आणि ५ अशा दोन्ही पट्ट्यांवर दिसले. पहिल्या मजल्यावरचे आणि गच्चीवरचे यंत्र मात्र फक्त २.४ वर होते, कारण त्यांच्यात ५ गिगाहर्ट्झचा रेडिओच नव्हता. प्रत्येक केंद्राचा एक हार्डवेअर पत्ता (यंत्राचा ओळख क्रमांक) असतो आणि त्याच्या पहिल्या सहा अक्षरांवरून सामान्यतः उत्पादक कळतो. आमच्याकडे मुख्य यंत्र एका उत्पादकाचे आणि उरलेली दोन दुसऱ्याच उत्पादकाची निघाली. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांनी मिळून मेश करण्यासाठी वाय-फाय यंत्रांना प्रमाणित करणाऱ्या वाय-फाय अलायन्स या संघटनेने २०१८ मध्ये ईझीमेश नावाची प्रमाणन योजना आणली आहे, त्यामुळे केवळ उत्पादक वेगळा आहे म्हणून फसवणूक झाली असे म्हणता येणार नाही. परंतु या दोन यंत्रांवरचे चमकदार स्टिकर सोलल्यावर खाली छापलेले मूळ नाव सापडले, आणि ते प्रत्येकी हजार-बाराशे रुपयांना मिळणारे साधे रिपीटर होते.

रिपीटर आणि मेश यांत फरक काय, हा प्रश्न दुकानदारांनीही नंतर मला विचारला, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. एकाच रेडिओचा रिपीटर निरोप्यासारखा असतो: आधी ऐकतो, मग तेच पुन्हा सांगतो, आणि दोन्ही कामे एकाच चॅनेलवर करीत असल्यामुळे मिळणारा वेग साधारण अर्धा होतो. दोन पट्ट्यांच्या स्वस्त मेशमध्येही बिनतारी दुव्यावर काही प्रमाणात ही घट होतेच. तीन पट्ट्यांच्या यंत्रांत अनेकदा एक रेडिओ केवळ आपसांतील दुव्यासाठी राखलेला असतो; तसे असेल किंवा मधे केबल असेल तर ही अडचणच राहत नाही. पण मेशचे खरे वैशिष्ट्य वेगापेक्षा समन्वयात आहे. एकच नियंत्रक सगळ्या केंद्रांना ओळखतो, सगळे घर एकाच नेटवर्कमध्ये राहते आणि ८०२.११के, ८०२.११व्ही व ८०२.११आर या मानकांच्या साहाय्याने मोबाइलला जवळच्या केंद्राकडे वळवता येते. वळायचे की नाही हे अखेर मोबाइलच ठरवतो, म्हणून उत्तम मेशमध्येही तो कधी कधी दूरच्या केंद्राला चिकटून राहतो. हा दोष विक्रेत्याच्या माथी मारू नये.

आमच्याकडे या समन्वयाचा पत्ताच नव्हता. तिन्ही यंत्रांना एकच नाव आणि एकच पासवर्ड देऊन बाहेरून मेशचा देखावा उभा केला होता. हॉलमध्ये मोबाइलच्या वाय-फाय तपशिलात आयपी पत्ता (नेटवर्कमध्ये उपकरणाला मिळणारा क्रमांक) १९२.१६८.१ ने सुरू होत होता आणि पहिल्या मजल्यावर गेल्यावर तो १९२.१६८.० ने सुरू होऊ लागे. याचा अर्थ पहिल्या मजल्यावरचे यंत्र राउटर मोडमध्ये ठेवलेले होते आणि त्याने आपले वेगळे नेटवर्क थाटले होते. कॉल का तुटतो आणि प्रिंटर का सापडत नाही, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर इथेच होते: जिना चढताना मोबाइलला नवा पत्ता घ्यावा लागतो, म्हणून चालू संवाद तुटतो, आणि आतल्या नेटवर्कमधला प्रिंटर बाहेरच्या नेटवर्कमधल्या लॅपटॉपला दिसू शकत नाही. ते यंत्र अॅक्सेस पॉइंट मोडमध्ये (म्हणजे मुख्य यंत्राचेच नेटवर्क पुढे देणाऱ्या मोडमध्ये) टाकताच हे दोन्ही त्रास जवळजवळ थांबले. इतके भेटीचे पैसे घेणाऱ्या माणसाला एवढा बदल माहीत नसेल, यावर माझा विश्वास नाही. ही तपासणी कोणालाही स्वतःच्या मोबाइलवर करता येते आणि तिला कोणतेही अॅप लागत नाही.

केबलची गोष्ट याहून वाईट निघाली. शुद्ध तांब्याची कॅट ६ (नेटवर्क केबलची एक प्रमाणित प्रत) केबल ठरली होती. पहिल्या मजल्यावर लॅपटॉप थेट केबलला जोडला तेव्हा जोडणीच्या माहितीत १००० ऐवजी १०० एमबीपीएस दिसले. जॅक उघडल्यावर आठपैकी चारच तारा बसवलेल्या आढळल्या. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला (१००० एमबीपीएसला) चारही जोड्या लागतात; म्हणजे ३०० ची जोडणी वर जाताना भिंतीतच गळत होती. उरलेल्या तारा जोडून पाहाव्यात म्हणून त्या सोलल्या, तर दोन वळवताच तुटल्या. ब्लेडने खरवडल्यावर वरचा तांबडा थर निघून आतून पांढरा धातू दिसला. तांब्याचा मुलामा दिलेली ही अॅल्युमिनियमची तार बाजारात सीसीए या नावाने ओळखली जाते. ती स्वस्त आणि वजनाला हलकी असते, तिचा रोध जास्त असतो, ती ठिसूळ असते आणि कॅट ६ च्या मानकात ती बसतच नाही. चांगल्या केबलच्या आवरणावर उत्पादकाचे नाव, प्रकार आणि मीटरच्या खुणा छापलेल्या असतात. आमच्या केबलवर काहीच छापलेले नव्हते. यंत्र परत करता येते, पण गिलाव्याच्या आत गेलेली केबल बदलण्याचा खर्च नव्याने करावा लागतो, म्हणून पाइपात ओढण्यापूर्वी केबलचे एक टोक खरवडून पाहण्याचा आग्रह धरावा. हल्ली मी ओळखीच्यांना सांगतो ती पहिली गोष्ट हीच.

वार्षिक परवान्याचा भाग मला सर्वांत जास्त खटकला. मुख्य यंत्राचे अॅप दुकानदारांनी स्वतःच्या ईमेल खात्यावर उघडले होते, त्यामुळे आमच्या घरच्या नेटवर्कचे मालक कागदोपत्री तेच होते. कोणती उपकरणे जोडलेली आहेत हे त्यांना दुकानात बसून दिसत होते आणि कोणाचेही इंटरनेट थांबवण्याची सोयही त्यांच्याच हाती होती. वर्ष भरत आले तेव्हा त्यांनी "क्लाउड परवाना" म्हणून २,४०० रुपये मागितले. काही कंपन्या पालक-नियंत्रण किंवा सुरक्षेच्या जादा सुविधांसाठी वर्गणी घेतात हे खरे आहे, पण ती थेट कंपनीच्या अॅपमधून भरली जाते आणि ती न भरल्याने सहसा वाय-फाय बंद पडत नाही. मी पैसे नाकारले आणि दुसऱ्याच दिवशी मुख्य यंत्राने काम करणे थांबवले. याला योगायोग म्हणायला मी तयार नाही. यंत्राच्या मागच्या छिद्रात पिन दाबून ते मूळ स्थितीला आणले, आमच्या खात्यावर नव्याने नोंदवले आणि फायबरच्या यंत्राचा प्रशासकीय पासवर्डही बदलला. त्याबरोबरच दूरस्थ व्यवस्थापनाचा पर्याय बंद करावा आणि डीएनएसचे (संकेतस्थळांची नावे शोधून देणाऱ्या सेवेचे) पत्ते कोणी बदललेले नाहीत ना, हेही पाहून घ्यावे.

पुढचा मार्ग कायद्याचा होता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि दुकानाला पोचपावतीसह लेखी नोटीस पाठवली. नोटिशीसोबत व्हॉट्सअॅपवरचे ते चित्र, विश्लेषण अॅपमधली नोंद, सोललेल्या तारेचे छायाचित्र आणि स्टिकरखालच्या मूळ नावाचे छायाचित्र जोडले. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये विक्रीनंतर बिल न देणे हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे, हा मुद्दा त्यात मुद्दाम लिहिला. माझ्या अंदाजाने सगळ्यात जास्त परिणाम त्याचाच झाला, कारण त्यानंतर जीएसटीचा विषय आपोआप निघतो. दुकानदारांनी दोन्ही रिपीटर परत घेतले आणि ९,००० रुपये बँकेत जमा केले. मुख्य यंत्र ठीक असल्यामुळे ते आम्ही ठेवले. केबल, मजुरी आणि भेटीचे पैसे परत करण्यास त्यांनी नकार दिला आहे.

त्या रकमेसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची तयारी चालू आहे. मोबदल्याची रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क नाही, वकील देण्याची सक्ती नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते. दरम्यान पाइपातून तांब्याची नवी केबल ओढून घेतली आहे. मुख्य यंत्राच्याच कंपनीची, त्याच्याशी मेश जुळवणारी दोन यंत्रे घेतली आणि या वेळी मॉडेल व अनुक्रमांकासह पक्के बिल घेतले. पहिल्या मजल्यावर लॅपटॉपला केबलवर १००० ची जोडणी दिसते. गच्चीवरच्या खोलीत बिनतारी दुव्यावर ९० ते ११० एमबीपीएस मिळतात. तिथपर्यंत केबल न्यायची झाल्यास स्लॅबला भोक पाडावे लागेल, आणि ते काम सध्या पावसाळ्यानंतरवर ठेवले आहे.