लेकेनेमॅब की डोनानेमॅब?

अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं अमायलॉइड हे प्रथिन काढणारी आता अमेरिकेत दोन औषधं आहेत, आयसाय-बायोजेनचं लेकेनेमॅब (२०२३) आणि एली लिलीचं डोनानेमॅब (२०२४), आणि दोन्ही मेंदूतला अमायलॉइडचा गाळ उपसतात, गेलेली आठवण परत आणत नाहीत हे आधीच सांगून ठेवतो. लेकेनेमॅबची सलाईन सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी, तासभर खुर्चीत बसायचं, शिवाय अधूनमधून एमआरआय, म्हणजे घरातल्या एकाची सुट्टी गेलीच. डोनानेमॅब महिन्यातून एकदा, अर्ध्या तासात काम होतं, आणि स्कॅनमध्ये गाळ साफ दिसला की औषध बंदही करता येतं, हा मला खरा फायदा वाटतो. पण मेंदूला सूज येण्याचं प्रमाण ट्रायलमध्ये डोनानेमॅबला साधारण २४ टक्के, लेकेनेमॅबला १२.६, ट्रायल वेगवेगळ्या होत्या तरी फरक डोळ्यात भरतोच (नंतर डोनानेमॅबचा डोस हळूहळू वाढवून बघितला तर सूज बरीच कमी झाली). किंमत? वर्षाला लेकेनेमॅबची २६,५०० आणि डोनानेमॅबची ३२,००० डॉलर, नुसत्या औषधाची! आणि लेकेनेमॅबचा तो गाजलेला २७ टक्के फायदा (आजार वाढण्याचा वेग तेवढा कमी) म्हणजे आठवण आणि रोजची कामं मोजणाऱ्या १८ पॉइंटच्या स्केलवर ०.४५ चा फरक. घरच्यांना तो जाणवेल का, मला शंकाच आहे. तरी निवडायचंच झालं तर मी डोनानेमॅब म्हणेन, पण एपीओई-४ जीनची टेस्ट केल्याशिवाय नाही, कारण त्याच्या दोन कॉपी असल्या की दोन्ही औषधांत सुजेचा धोका वाढतो.